दिवाळ्याचा तिरपा समुद्र

वाई सोडताना बायकोने विचारलं, "नव्या मुंबईत बघण्यासारखं काय आहे?"

"सरकारी मदत," मी म्हणालो.

"मग कपडे जास्त घ्या," ती म्हणाली.

उभा जन्म मी तहसील कचेरीत फायली हलवण्यात आणि खरं सांगायचं तर न हलवण्यात काढला. सुरुवातीला माझ्या शेजारच्या टेबलावर दामू कोळी बसायचा. त्याला खुर्ची टोचायला लागली. तो नोकरी सोडून बेलापूरजवळच्या आपल्या दिवाळे गावी गेला; आधी केबल टाकली, मग इंटरनेट. इतक्या वर्षांनी त्याचा फोन आला, "जाधवा, माझा अर्ज सरकारी कागदात अडकलाय. तू कागदाचा माणूस. ये." निवृत्तीनंतर एवढं कौतुक कोण करतं? मी सकाळची एसटी पकडली.

कळंबोलीला उतरलो तर दामू स्कूटर घेऊन हजर. केस पांढरे झालेत, हसणं तेच. वाटेत त्याने सगळी भानगड समजावली. गावात फोनला रेंज मिळावी म्हणून खांबावर लावायची यंत्रं तो एका मोठ्या कंपनीकडून घेतो. एकदा त्यांचा डबा लावला की तार त्यांची, दुरुस्ती त्यांची आणि मिजासही त्यांची. आता खुलं तंत्रज्ञान आलंय. म्हणजे कुकर एका कंपनीचा, शिट्टी दुसऱ्याची, रबर तिसऱ्याचं, तरी भात शिजतो. लहान पुरवठादारांनी हे घ्यावं म्हणून सरकार मदत देतं. दामूचा कंपनीशी करार महिनाअखेर संपत होता. मदत मिळाली तर खांब त्याचा राहणार होता, नाहीतर गावातली सगळी जोडणी कंपनीच्या ताब्यात द्यावी लागणार होती.

"टेन्शन घेऊ नको," मी म्हणालो. मला काय माहीत, टेन्शन मीच होतो.

पहिला मुक्काम खारघर. तिथल्या एका गारेगार सभागृहात या मदतीविषयी मार्गदर्शन होतं. बाहेर डोंगर इतके सुंदर दिसत होते, आणि आत पडदे लावून त्याच डोंगराचं चित्र पडद्यावर दाखवत होते. व्यासपीठावर फलक: 'खुलं जाळं, सर्वांसाठी'. सभागृहाच्या वायफायला पासवर्ड होता आणि तो कोणाला माहीत आहे हे कोणालाच माहीत नव्हतं. साहेबांनी तासभर भाषण केलं. मग दामू उभा राहिला.

"साहेब, खुलं तंत्रज्ञान घ्यायला मदत पाहिजे, तर ते आधीपासून चालवत असल्याचा दाखला जोडा, असं अर्जात लिहिलंय. आधीपासून चालवत असतो तर मदत कशाला मागितली असती?"

"फार चांगला प्रश्न आहे," साहेब म्हणाले आणि पाणी प्यायले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नंतर जेवणाची घोषणा झाली.

पनीर खाता खाता मी दामूला म्हणालो, "अरे, आपल्या कचेरीतही इतकं सफाईदार उत्तर कोणाला जमलं नसतं." पण दामूही काही कमी नाही. त्याने खारघरच्याच एका कॉलेजकडून चाचणीसाठी उसनं यंत्र आणून, रीतसर परवानगी काढून, आपल्या खांबावर लावलं होतं. म्हणजे चालवत असल्याचा पुरावा तयार. फक्त दुसऱ्या दिवशी निरीक्षक येऊन जागेवरून फोटो पाठवणार होते, आणि त्यासाठी संध्याकाळी पाचची मुदत होती.

दिवाळ्यात पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. खाडीच्या कडेने तिवरं, चिखलात टेकलेल्या होड्या, पलीकडे काचेच्या इमारती आणि मधे सुक्या मासळीचा असा दर्प, की घाटावरचा माणूस क्षणभर वेशीतच थबकतो. मोकळ्या जागेत वलांड्या (बोंबील वाळवायच्या बांबूच्या चौकटी) उभ्या होत्या. त्यांच्या दोऱ्या थेट दामूच्या खांबाला बांधलेल्या, आणि खांबापासून बांबूपर्यंत बोंबलांच्या माळा लोंबत होत्या. त्या हिराबाईच्या. हिराबाई दामूची चुलत बहीण. खारघरच्या सोसायट्यांतल्या बायका तिला फोनवर मासळी सांगतात, ती पाटी भरून पोचवते. दामूच्या खांबामुळेच गावात रेंज, आणि रेंजमुळे तिचा धंदा.

रात्री तिने तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं सुकं वाढलं. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि वर तिलाच अक्कल शिकवली. "हिराबाई, उद्या साहेब येतायत. हे बोंबील काढायला पाहिजेत. सरकारी पाहणीची जागा कशी स्वच्छ दिसली पाहिजे."

"सायेब येतंय म्हनून आमी बोंबील कारायचं?" ती कमरेवर हात ठेवून म्हणाली. "सायेब बोंबील खात नाय काय?"

"खाईल, पण फोटोत नको."

"बोंबील घे कारून. दोऱ्या सोडू नको. त्या दोऱ्यांनी खांब धरलाय, भाव. खाऱ्या वाऱ्यानं तुमच्या ताणाच्या तारा कवाच सडल्या."

मी हसलो. तहसील कचेरीत पाहणी असली की आम्ही मोडकी कपाटं, थकलेले शिपाई आणि जुने अर्जदार, सगळं मागच्या खोलीत ढकलायचो. साहेब खूश, आम्ही खूश. ती सवय हाडात मुरलेली. सकाळी हिराबाई पाटी घेऊन खारघरला आणि दामू कागदांच्या झेरॉक्स काढायला बेलापूरला गेला, तेवढ्यात मी गावातल्या पोरांकडून बोंबील काढवले आणि दोऱ्याही सोडवल्या. जागा अशी लख्ख झाली की मलाच माझा अभिमान वाटला.

दुपारी खाडीवरून वारा सुटला आणि खांब हळूहळू जमिनीकडे झुकला. गावातले फोन मुके झाले. दामू धावत आला, खांबाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

आणि नेमके तेव्हाच निरीक्षक रिक्षातून उतरले. तरुण, विनम्र, घामाघूम. "यंत्र चालू आहे का बघायचंय ना?" दामूने रडवेल्या आवाजात विचारलं.

"छे हो! चाचणी माझ्या कलमात नाही. मला फक्त उभा खांब पाहिजे." त्यांनी फोन काढला, खांब तिरका म्हणून फोनही तेवढाच तिरका धरला, आणि फोटो काढला. फोटोत खांब अगदी ताठ! मी मनातल्या मनात मुजरा केला. आता फोटो तिथूनच पाठवायचा, तर त्यांच्या फोनला दिवाळ्यात रेंज नाही. साडेचार वाजले.

"सरा बाजूला," हिराबाई ओरडली. चार बायका घेऊन तिने दोऱ्या पुन्हा बांधल्या, रेटा दिला, ताण दिला. होडी ओढायला जशी हाळी देतात तशी हाळी दिली. खांब उभा राहिला. फोन वाजायला लागले. दामूच्या उसन्या यंत्रावरून निरीक्षकांचा फोटो झपकन गेला.

"आता सरळ खांबाचा नवा फोटो पाठवा ना!" दामू म्हणाला.

"एकदा गेला की बदलता येत नाही," ते म्हणाले. "पण काळजी करू नका. छान आलाय." हिराबाईने त्यांना बोंबील बांधून दिले. त्यांनी घेतले.

दुसऱ्या दिवशी मी परतीच्या बसमध्ये बसलो. खिडकीतून गोदामं आणि टॉवर मागे जात होते, आणि मी स्वतःशीच खूश होतो. वाटलं, गाजावाजा सरकारचा असला तरी काम शेवटी माणसंच करून नेतात. वाईला येऊन चार जणांना मी हे ऐकवलंसुद्धा.

मग दामूने त्याला आलेलं सरकारी पत्र पाठवलं. 'छायाचित्रातील समुद्र तिरपा दिसत असून छायाचित्रात फेरफार झाल्याचा संशय येतो. सबब अर्ज दप्तरी दाखल.' हे शेवटचे शब्द मी स्वतः आयुष्यात किती अर्जांवर लिहिले असतील, देव जाणे. ज्यांच्या अर्जांवर लिहिले त्यांची तोंडं कधी आठवली नव्हती. त्या दिवशी आठवली. लाज वाटली, स्पष्टच सांगतो.

महिना उलटल्यावर दामूचा फोन आला. मागे रिक्षांचे भोंगे.

"कुठून बोलतोयस?"

"बेलापूरच्या नाक्यावरून. खांब कंपनीला दिला. त्यांची माणसं आली, पहिलं काम काय केलं सांगू? दोऱ्या सोडवल्या. म्हणाले, साइट क्लीन पाहिजे. खांब गेला खाली. त्यांचा माल, आम्हाला हात लावायची बंदी. आता रेंज पाहिजे तर इथपर्यंत यायचं."

"आणि हिराबाई?"

"ती पण इथंच हाय, पाटी घेऊन. खारघरला फोन लावतेय. थांब, देतो."

मग तिचा आवाज आला, अजिबात न रागावलेला.

"भाव, साफसफाई झाली बरं का."