हडळीच्या नावानं आलेले फोन

मी लिहिते आणि माझी मैत्रीण चित्रं काढते. तिची नोकरी फ्लेक्स छापण्याच्या दुकानात. कोल्हापुरात चौकाचौकात वाढदिवसाच्या शुभेच्छांचे जे फलक झळकतात, त्यांतल्या कितीतरी भाऊ-दादांना गॉगल तिनंच चढवलेले आहेत. दिवसभर ती भाऊंचे केस काळे करते आणि घरी आली की भुतं काढते. मी शिकवण्या घेते आणि त्या भुतांना बोलायला लावते.

आमच्या कॉमिकमध्ये दोन गुप्तहेर आहेत, चकवा आणि हडळ. रानातून जाणाऱ्याची वाट चुकवून त्याला एकाच बांधाभोवती फिरवत ठेवतं, ते भूत म्हणजे चकवा. लोकांना चुकवायचं तर आधी वाटा पाठ हव्यात, म्हणून जिल्ह्यातली एकूण एक पायवाट त्याला ठाऊक. हडळीचे पाय उलटे. तिच्या मागावर निघालेला चोर हमखास भलतीकडं जाऊन पोचतो. दोघं मिळून उसाच्या फडात चोरांना गाठतात.

कॉमिक आम्ही स्वतःच छापलं. एका दुकानदारानं ते दहावीच्या गाइडांमागं सारलं. मोबाइलवर जाहिरात टाकली, तर नातेवाइकांनी नुसते अंगठे पाठवले, म्हणजे अंगठा दाखवलाच म्हणायचा.

शेवटी मैत्रीण वैतागली. "सगळ्या गावाचं फ्लेक्स मी करतो आणि आपल्याच भुतांचा का न्हाई?" आमच्याकडं पोरीही 'मी करतो'च म्हणतात. तिच्या मालकानं उरलेला एक तुकडा दिला. त्यावर फेटा बांधलेला चकवा आणि गॉगल लावलेली, नऊवारीतली हडळ उभी राहिली. वर ठळक अक्षरांत, 'हरवलंय? चोरीला गेलंय? चकवा आणि हडळ छडा लावणारच!' मधोमध माझा नंबर, आणि अगदी तळाला, 'नवीन मराठी कॉमिक.' फ्लेक्स आम्ही एसटी स्टँडजवळ रसाच्या गाड्यामागं बांधला. गाड्याची छत्री उघडली की तळाची ओळ झाकली जाते, हे काही आमच्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी शिकवणी चालू असताना फोन आला.

"हडळ बाई हायत का?"

"कोण बोलतंय?"

"ट्रॅक्टरची बॅटरी गेलीया आमच्या. कवा येतायसा?"

हे कॉमिक आहे, असं मी समजावलं. "मग बोर्ड कशाला लावलाय?" आणि फोन आपटला. त्यानंतर एकाची मोटारसायकल, एकीच्या पाटल्या, गडहिंग्लजकडच्या एका आजोबांची पेन्शन. सगळ्यांना मी तेच सांगत होते आणि सगळे मलाच झापत होते. मैत्रीण मात्र खूश. "प्रसिद्धी म्हंत्यात ती हीच की!"

मग शिरोळ भागातल्या एका शेतकऱ्याचा फोन आला. पूर ओसरून काही आठवडे झाले होते. पाणी चढायला लागल्यावर त्यांनी जनावरांची दावी सोडली होती. बाकीची माळावर पोचली, एक म्हैस आली नाही.

"अहो काका, ही चित्रांची गोष्ट आहे," मी म्हटलं.

"कळलं मला. माझ्या पोरीनं सांगितलं," ते म्हणाले. "पर तुमी बोर्ड लावताय न्हवं? एक माझ्या म्हशीचा लावा की."

मी फोन मैत्रिणीकडं दिला. तिनं एकच विचारलं, "फोटो हाय?"

फोटो होता, पण त्यांच्या पुतण्याच्या साखरपुड्यातला. नवऱ्या मुलाच्या खांद्यामागून म्हैस डोकावत होती, एक शिंग खाली वाकलेलं, कपाळावर पांढरा चांदवा. मैत्रिणीनं नवऱ्या मुलाला कापून टाकलं आणि भाऊंना उजळतात तशी म्हैस उजळली. 'हरवली आहे' खाली तिनं माझा नंबर आणि आमच्या भुतांची नावं घातली, पण हाताच्या सवयीनं आधी शब्द पडला, 'शुभेच्छुक'. छापून झाल्यावर ते दिसलं. तसेच फ्लेक्स आम्ही शिरोळला आणि नृसिंहवाडीच्या रस्त्याला लावले.

लोक थांबून फोटो काढू लागले. म्हशीला शुभेच्छा देणारी भुतं मोबाइलवर गावोगाव फिरली. आणि एका दुपारी एका बाईंचा फोन आला.

"हडळ बोलत्या काय?"

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मी म्हटलं, "व्हय, बोलतीय."

"माझ्या गोठ्यात हाय म्हस तुमची. पुरातनं वर आलती, धनी कोण दिसंना. बांधली आमच्यातच. वाडीला दर्शनाला गेलतो, तवा बोर्ड बघितला."

रविवारी आम्ही काकांबरोबर टेम्पोत बसून त्या गावी गेलो. पिशवीत कॉमिकच्या प्रती होत्याच. गोठ्याशी पोचताच काका नुसतं खाकरले, आणि आतून म्हैस अशी ओरडली, की ओळख पटवायची गरजच उरली नाही. काका तिच्या कपाळावर हात ठेवून कितीतरी वेळ उभे राहिले. बाईंनी तिच्या शिंगांना तेल लावलं होतं. दावं सोडताना त्या म्हणाल्या, "तिला पेंड भिजवून घाला, कोरडी खात न्हाई," आणि पदर डोळ्याला लावून आत गेल्या.

बाहेर निम्मं गाव जमलं होतं. "ह्यातली हडळ कोंची?" एका आजींनी विचारलं आणि मैत्रिणीनं माझ्याकडं बोट केलं. आजींनी वाकून माझे पाय निरखले. मग हसण्याच्या त्या गोंधळात पिशवी कधी रिकामी झाली, कळलंच नाही.

काकांसाठी एक प्रत मी बाजूला ठेवली होती. म्हैस टेम्पोत चढल्यावर त्यांनी ती उघडली, लांब धरून बघितली.

"चकवा बरा काढलाय. पर त्यो असा दिसत न्हाई."

"तुम्ही बघितलाय?"

"बघितलाय की!" ते गोठ्याच्या कट्ट्यावर टेकले. "नाक एवढं न्हाई त्याला."

मैत्रिणीनं पर्समधून पेन्सिल काढली आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसली.