शेवटच्या गाण्यापर्यंत

भाद्रपदातल्या एका रविवारी सकाळी धुळ्यात स्पीकर दुरुस्त करणाऱ्या सुभाषचा त्याच्याच दुकानाच्या मागच्या खोलीत खून झाला. डोक्यावर लोखंडी पान्याचे दोन घाव होते. पहिल्या घावाने तो टेबलावर कोसळला, दुसरा तो पडल्यावर बसला. त्या वेळी पुढच्या खोलीत दोन माणसं डोळे मिटून गाणी ऐकत बसली होती. मी जळगावात वर्तमानपत्राच्या डेस्कवर होतो. धुळ्याच्या वार्ताहराच्या चार ओळी आल्या, त्यात मृताच्या नावापुढे 'मेकॅनिक' असं होतं. मी ते खोडून 'स्पीकर कारागीर' केलं आणि बातमी पुढे पाठवली. तो माझा मित्र होता.

तरुणपणी सुभाष स्वतः मिरवणुकीत डीजे वाजवायचा. यावलजवळच्या एका गावात घाईत दुरुस्त केलेला अ‍ॅम्प्लिफायर त्याने न तपासता ट्रॅक्टरवर चढवला. अ‍ॅम्प्लिफायरच्या पत्र्यात वीज उतरली होती. धाकट्या भावाने हात लावला, तो सुटला नाही. गाणं चालूच असल्यामुळे लोक नाचत राहिले... त्यानंतर त्याने डीजे सोडला आणि दुकान टाकलं. नियम एकच केला. दुरुस्त झालेला बॉक्स पूर्ण ऐकल्याशिवाय दुकानाबाहेर जाणार नाही.

ऐकायची सीडीही एकच. फळीवर उभं राहून लाटांवरून घसरणाऱ्या पोरांच्या कुठल्याशा परदेशी चित्रपटाची गाणी, जुन्या बाजारात मिळालेली. चित्रपट आम्ही कोणी पाहिला नव्हता. एक गिटार, एक गळा, मध्येच हलका ठेका. दणदणाटात स्पीकरचा फाटलेला कागदी कोन लपून जातो, या गाण्यांत लपत नाही, असं सुभाष म्हणे. दर रविवारी ऐकायला शेजारच्या शिलाईकाम करणाऱ्या अक्का येत आणि एसटीतून निवृत्त झालेले चालक नाना. जमलं तर मीही जाई. गाणं चालू असताना उठायचं नाही, बोलायचं नाही. शेवटचं गाणं संपलं की सुभाष मागच्या खोलीतून बाहेर येई आणि म्हणे, "बोला." मग प्रत्येकाने मत द्यायचं.

"झोप लागनी माले," नाना म्हणत.

"म्हंजे बॉक्स पास शे."

अक्कांचं मत वेगळं असे. "इतला हळू का गास तो? कोनी रागे भरनं का त्याले?" सीडीवरच्या चित्रात एक पोरगा फळी काखेत धरून उभा होता. तो सुतार असावा, असं नानांचं ठाम म्हणणं. मी एकदा म्हणालो, लाट येते असं वाटतं, पण फुटत नाही. सुभाष हसला. "पेपरवाला शे. पुरं सांगस नही."

त्या रविवारी बॉक्सचा मालक, एक डीजेवाला, सीडी लागल्यावर आला. पुढचं संभाषण अक्कांच्या जबाबातलं आहे.

"मिरवणूक उभी शे भाऊ. बॉक्स दे."

"संपू दे. मंग लई जाय."

"हाई मढं गानं कोन ऐकस?"

सुभाष मागच्या खोलीत गेला. सीडी प्लेअर तिथेच होता. सीडी बंद करायला डीजेवालाही मागोमाग गेला. गिऱ्हाइकांची घासाघीस रोजचीच, म्हणून नाना आणि अक्का डोळे मिटून बसून राहिले. सीडी बंद झाली नाही. शेवटचं गाणं संपलं. कोणी बाहेर आलं नाही... नानांनी वाट पाहून बसल्या जागेवरून मत दिलं. "सुभाष, तिसरा गानामा बेस दोनदा आदळना. कोन फाटेल शे रे!"

"माले बी ऐकू उनं," अक्का म्हणाल्या.

मग अक्का उठल्या आणि त्यांनी मधलं दार ढकललं. सुभाष टेबल आणि भिंत यांच्यामध्ये पडलेला होता. रक्त वायरींच्या भेंडोळ्यांत उतरलं होतं. मागचं दार उघडं होतं.

डीजेवाला त्याच संध्याकाळी अमळनेरच्या बसस्थानकावर सापडला. शर्ट बदललेला होता, बुटांवर रक्त होतं. पाना टाकला ती जागा त्याने दाखवली. बॉक्स दुकानातच राहिला होता.

गेल्या आठवड्यात पोलिसांनी तो पंचांसमोर उघडला. नाना हजर होते. कोन कुठेही फाटलेला नाही.