सव्वा महिन्याची पद्धत

हे मी आजवर कुणालाच बोलले नाही. नवऱ्याला नाही, लेकीला तर नाहीच नाही. तुम्हाला का सांगते आहे, ते विचारू नका – तुमची माझी ओळख नाही, एवढंच कारण असेल. ओळखीच्या माणसांत मी चांगली बाई आहे. तासगावच्या शाळेत मी उभा जन्म इंग्रजी शिकवलं, मुलींना 'खरं बोला, स्पष्ट बोला' म्हणून दटावलं. आणि स्वतः? थांबा, नीट सांगते.

माझी मुलगी स्वाती अमेरिकेत असते. तिथल्याच मुलाशी तिनं लग्न केलं. डॅन त्याचं नाव. पोरगा गुणाचा आहे, माझी काही तक्रार नाही. पहिलं बाळंतपण माहेरीच, हा हट्ट माझा. म्हणून स्वाती इकडे आली. डॅनला रजा मिळाली नाही, पण दिवस भरत आले तशी त्याची मावशी मार्था आली. डॅन लहान असतानाच त्याची आई वारली, तेव्हापासून या मावशीनंच त्याला वाढवलं. तिला स्वतःचं मूल नव्हतं. डॅन तिच्या घरी आला तो चालताबोलता, पाठीला दप्तर लावून. तान्हं मूल काही तिच्या मांडीवर कधी आलं नाही. हे तिनंच मला चहा पिताना सांगितलं, आणि सांगून हसली. म्हणाली, यंदा येईल.

रोज संध्याकाळी ती व्हरांड्यात बसून डायरी लिहायची. त्यांच्या घरातल्या बायकांची ती सवयच – आई लिहायची, आजीही लिहायची. मला वाटलं, केवढी गुपितं असतील! एकदा तिनं आठवतील तशा आजीच्या ओळी सांगितल्या, तर काय – हवा कशी होती, किती कपडे धुतले, गाय व्याली, शेजारीण येऊन गेली. एका दिवसाखाली तर नुसतं 'इस्त्री' एवढंच. मी हसले. यात लिहिण्यासारखं काय आहे? ती म्हणाली, बायकांचे दिवस असेच तर जातात, लिहिले नाहीत तर गेलेच की.

आमच्याकडचंही ती सगळं लिहायची. ह्यांच्याबरोबर बेदाण्याचं शेड बघून आली, ते लिहिलं. ताक आवडलं, ते लिहिलं. गल्लीतली पोरं तिला 'गोरी आज्जी' म्हणायला लागली. मला ती आवडत होती, खरंच आवडत होती – बाळ होईपर्यंत.

मुलगी झाली. सांगलीच्या दवाखान्यातून घरी आणलं त्या दिवशी मार्था कोपरापर्यंत साबणानं हात धुऊन दारात उभी होती. हातांवर स्वच्छ टॉवेल पसरलेला. बाळ माझ्याकडे होतं. तिनं हात पुढे केले. आणि मी म्हणाले – किती सहज म्हणाले! – मार्था, आमच्यात तशी पद्धत नाही. बापाकडच्या माणसांनी सव्वा महिना बाळाला हातात घ्यायचं नसतं.

अशी पद्धत कुठे आहे? कुठेच नाही. सव्वा महिना असतो तो बाळंतिणीचा. तिनं घराबाहेर पडायचं नाही, वारा लागू द्यायचा नाही. त्यातला सव्वा महिना तेवढा मी उचलला आणि बाकीचं तिथल्या तिथे रचलं. आणि सव्वा महिनाच का? कारण मार्था त्याच्या आतच परत जाणार होती. तिच्या विमानाची तारीख मला पाठ होती.

तिनं चटकन हात मागे घेतले. 'सॉरी' म्हणाली. मलाच सॉरी म्हणाली.

स्वातीला आपल्या पद्धती काय माहीत? शाळेपासून होस्टेलवर वाढलेली ती. त्यात पोटावरचे टाके दुखत होते. 'असतं आपल्यात' म्हटल्यावर तिनं मान हलवली. आई खोटं कशाला सांगेल? खटकलं ते एकट्या ह्यांना. शेडवरून येऊन पाय धुता धुता म्हणाले, "आगं, कवाची पद्धत ही? आमी तर कवा ऐकली न्हाई. दे की जरा त्यांच्याकडं पोरीला, लय आशेनं आल्यात त्या." मी म्हणाले, "बायकांच्यातलं तुम्हाला काय कळतं?" ते पाय पुसून आत गेले.

तुम्हाला वाटेल, मूलबाळ नसलेल्या बाईची दृष्ट लागेल म्हणून मी भ्याले. मीही बरेच दिवस स्वतःची तशीच समजूत घातली. तसं असतं तर बरं झालं असतं, अडाणीपणा म्हणून खपून गेलं असतं. पण दृष्टबिष्ट मी मानत नाही, शाळेत त्यावर भाषणं ठोकलेली बाई मी. मग काय होतं? हेवा होता. दुसरं काही नाही. स्वाती दोन-तीन महिन्यांत जाणार, बाळ तिकडे वाढणार, धावत जाऊन बिलगेल ते मार्थाला, आणि मी आपली फोनमधली आजी. मग हे पहिले दिवस तरी माझे – माझ्या एकटीचे. एवढ्यासाठी. एवढ्याशासाठी.

बारशाला नाव ठेवायचा मान आत्याचा. डॅनला सख्खी बहीण नाही, म्हणजे बापाकडची म्हणून मान मार्थाचाच. शेजारच्या काकूंनी विचारलंही, "आवं बाई, गोरी आज्जी न्हाई व्हय नाव ठेवणार?" मी म्हटलं, त्यांना आपलं काही जमायचं नाही. माझ्या भाचीनं बाळाच्या कानात नाव सांगितलं, मीरा. मी दिलेली हिरवी साडी नेसून मार्था पुढच्या खुर्चीत बसली होती. सगळ्यांबरोबर तिनंही टाळ्या वाजवल्या, घुगऱ्या खाल्ल्या.

नंतर ती बाळाची लंगोट-दुपटी धुवायला लागली. कपड्यांना हात लावलेला चालतो ना, असं मला विचारून घेतलं होतं तिनं. मी चालतो म्हटलं. केवढी उदार! निघायच्या दिवशी गाडी दारात आली, तेव्हा ती पाळण्यावर वाकली – दोन्ही हात पाठीमागे धरून. चुकूनही लागू नयेत म्हणून. तेव्हा तरी मी 'घ्या' म्हणायचं होतं. एक शब्द. मी बॅगा मोजत उभी राहिले.

स्वाती परत जायच्या आधीच तिकडे मार्था वारली. झोपेतच गेली. तिच्या डायऱ्या डॅनकडे आल्या, आणि पुढे केव्हातरी स्वातीनं तासगावच्या दिवसांच्या पानांचे फोटो मला पाठवले. तू इंग्रजीची बाई, तुला वाचायला आवडेल, म्हणाली. वाचले मी. तेच सगळं – ऊन फार. दुपारी ताक. दुपटी लवकर वाळली. आणि मध्येच: 'इथं बापाकडच्यांनी सव्वा महिना बाळाला घ्यायचं नसतं. बाळ पुढे बापाच्या घरी जाणार, म्हणून आईच्या आईला हे दिवस मिळत असावेत. किती शहाणी पद्धत.' बारशाच्या दिवशी: 'आज नाव ठेवलं. मी इतकी जवळ होते की तिचा कान दिसला.' शेवटच्या दिवशी: 'उद्या विमान. पुढच्या खेपेला घेईन.'

कळलं तुम्हाला? माझं कारण तिनं बरोबर ओळखलं होतं. फक्त त्याचा दोष मला दिला नाही, त्याची रीत करून टाकली.

स्वातीनं फोनवर विचारलं, "आई, खरंच असते का गं ही पद्धत? दुसऱ्या कुणाकडे ऐकली नाही." संधी होती. लेकीनं आपणहून दिलेली. मी म्हणाले, "असायची. हल्ली कोणी पाळत नाही."

आता स्वातीला पुन्हा दिवस गेलेत. परवा सांगत होती, डॅनच्या चुलत बहिणीला कळवून टाकलंय – सव्वा महिना बाळाला कुणी घ्यायचं नाही, आम्ही दोघं आणि माझी आई सोडून. मार्थाला ती पद्धत किती आवडली होती ना, आपण पाळायची. त्या बहिणीनं बाळासाठी स्वेटर विणायला घेतलाय म्हणे.

मी 'बरं' म्हणाले. माझा व्हिसा आला आहे. पुढच्या महिन्यात मी जाते आहे, आणि बाळ माझ्या हातात देतील.