यमुनेच्या घशातला भात

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून चहा टाकायला जाते. सारं आयुष्य माणसांना बेशुद्ध करण्यात आणि पुन्हा शुद्धीवर आणण्यात गेलं, त्यात कुणाचा आत्माबित्मा कधी दिसला नाही. तरी ही एक गोष्ट मात्र... असो. विश्वास ठेवा असा आग्रह नाही.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात. भंडारा जिल्ह्यातला एक लहानसा सरकारी दवाखाना. तिथे दुर्बिणीच्या नसबंदीचे कॅम्प भरत. सर्जन नागपूरहून येत, भूल द्यायला मी. पोटात गॅस भरायचा, टेबल डोक्याकडून खाली झुकवायचं, बेंबीपाशी एक छोटंसं छिद्र – झालं. सडपातळ बायकांचं चटकन आटोपायचं. पण बाई लठ्ठ असली की माझ्या जिवाला घोर. पोटाचा सगळा भार छातीवर येतो, श्वास कोंडतो. त्यात पोटात अन्न असलं आणि ते वर येऊन फुफ्फुसात गेलं, तर खेळ खलास!

करडी गावची यमुना अशीच जाडजूड, आणि भारी हसरी. घर तळ्यात मासे धरणाऱ्यांचं. तीन मुली. तिसरीच्या वेळी मरता मरता वाचली होती. पुढचं बाळंतपण तिला झेपणार नाही, हे मी तिच्या नवऱ्याला, सोमाला, स्पष्ट सांगितलं होतं. ऑपरेशन व्हायलाच हवं होतं.

'उपाशी या' म्हटलं की बायका मान डोलावतात आणि रिकाम्या पोटी घराबाहेर कसं पडायचं म्हणून खाऊन येतात. म्हणून यमुनेला मी आदल्या दिवशीच भरती करून घेतलं. सोमाला घरी धाडलं. सिस्टरला तिच्या शेजारच्या कॉटवर बसवलं. पाण्याचा घोटसुद्धा द्यायचा नाही!

सकाळी विचारलं, "काही खाल्लं नाहीस ना?"

ती हळूच म्हणाली, "खाल्लं न बाई... सपनात. सासू आली होती. पत्रावळीवर भात वाढलन, झिंगे वाढलन. पोटभर जेवली मी."

सासू काही महिन्यांपूर्वीच वारली होती.

"मेलेलं मानूस वाढते तं खाऊ नाही म्हनतेत," यमुना म्हणाली. "पन सासू होय, तिले नाही कसं म्हनू? नातवाचं तोंड पाहल्याबिगर जात नाही म्हने थे."

मला हसू आलं. "स्वप्नातल्या जेवणाला माझी ना नाही. चल!"

शिरेत इंजेक्शन दिलं, यमुना झोपली. श्वासनलिकेत नळी घालायला तिचं तोंड उघडून आत पाहिलं. घसा भातानं भरलेला होता. अख्खी पांढरी शितं, त्यात लाल झिंगे, तळ्यातली बारीक कोळंबी. नुकतेच वाढल्यासारखे.

"डोकं खाली घ्या!" मी ओरडले. तिची मान वळवली. सिस्टर पायानं सक्शनचा पंप मारत होती, मी बोटांनी घास उपसत होते. यमुनेचे ओठ निळे पडले. कसाबसा श्वास परत आला. ऑपरेशन अर्थातच रद्द.

सोमाला चांगलंच फैलावर घेतलं – चोरून कुणी खाऊ घातलं? त्यानं मुलींच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. "माय गेल्यापासून घरी झिंगे शिजलेच नाही, बाई. तिच्या आवडीचे होते, म्हनून सालभरासाठी सोडलो आम्ही."

लठ्ठ माणसाचं पोट उशिरा रिकामं होतं, हे मलाही ठाऊक आहे हो. पण जे घरात शिजलंच नाही, ते पोटात कुठून येणार?

बरी होऊन घरी निघाली तेव्हा मी म्हटलं, "पुढच्या कॅम्पला ये. मी आहे ना." यमुना आता हसत नव्हती.

"जिचं खाल्लं तिचं आयकाच लागते, बाई."

निरोपावर निरोप धाडले. आली नाही.

आली ती पुढच्या वर्षी, बैलगाडीत, दिवस भरलेली... अर्धं रक्त वाटेतच गेलेलं. आम्ही होते नव्हते ते सगळे उपाय केले. मुलगा झाला. यमुना गेली.

सिस्टरनं बाळ माझ्या हातात दिलं. चांगलं धडधाकट, हातपाय झाडत होतं. आणि मला त्याचा असा संताप आला – तान्ह्या जिवाचा! त्याचा काय दोष होता? पण मग कुणाचा होता, हे मला आजही सांगता येत नाही.