अनिएल्लोची जीभ
दांडा खाली ओढायचा, पाणी आत भरू द्यायचं आणि मग हात सैल सोडायचा. पुढचं काम कॉफीच्या मशीनची स्प्रिंग करते. एवढंसंच काम अनिएल्लो चाळीस वर्षं करत होता, दिवसाला पाच-सहाशे वेळा, आणि आता त्याचा उजवा खांदा पार कामातून गेला होता. पण खांद्याचं रडगाणं त्याने कधी लपवलं नाही. उलट नेपल्सच्या सानिता भागातल्या त्या चिंचोळ्या कॉफीबारमध्ये येईल त्या गिऱ्हाइकाला तो शर्टाची बाही वर करून दाखवायचा. लपवलं होतं ते वेगळंच. फेब्रुवारीत ताप आला, आठ दिवसांनी गेला, आणि जाताना नाक-जीभ दोन्ही घेऊन गेला.

कॉफीवाल्याची जीभ जाणं म्हणजे काय, हे नेपल्सबाहेरच्या माणसाला सांगून डोंबल कळणार! सकाळची पहिली कॉफी मोरीत ओतून द्यायची, दुसरी स्वतः प्यायची, आणि त्या एका घोटावर कॉफीच्या बियांचं दिवसभराचं दळण ठरवायचं. समुद्राकडून दमट वारा आला तर जरा जाड, उत्तरेचा कोरडा सुटला तर बारीक. हे त्याला आधीच्या कॉफीवाल्याने, म्हाताऱ्या लिबोरियोने, शिकवलं होतं. शिकवलं कसलं, सहा महिने नुसते उकळत्या पाण्यातून कप काढायला लावले होते. बोटं सोलवटली तरी मेल्याला दया आली नाही. लिबोरियो सांगायचा, जुन्या वाफेच्या मशीनवर कॉफी म्हणजे निव्वळ जळका काढा असायचा. दांड्याची मशीन आली, कॉफीवर बदामी फेस दिसला, तर लोकांनी नाकं मुरडली. हा मळ कसला तरंगतोय, म्हणून भांडायला उठले.

जीभ गेल्यावर अनिएल्लोने डोळ्यांवर आणि हातावर भागवलं. दांडा झरकन वर आला की दळण जाड झालं. धार तुटून थेंब थेंब पडायला लागले की फार बारीक झालं. दुसरी कॉफी तो रोज तशीच प्यायचा, मान हलवायचा, आणि तोंडात गरम पाण्याशिवाय काही नसायचं. पेन्शनला दोन वर्षं राहिली होती. मालक गायेतानो, ज्याला त्याने लहानपणी कडेवर घेऊन फिरवलं होतं, त्याला हे कळलं असतं तर त्याने गोड बोलून अनिएल्लोला गल्ल्यावर बसवलं असतं. दांड्यावरून उठून गल्ल्यावर बसायचं, म्हणजे जिवंतपणीच आपल्या मयताला हजर राहायचं. तेवढं मात्र त्याला नको होतं.

चार महिने निभावलं. कोणी ब्र काढला नाही. तो थकला होता, खरं सांगायचं तर खांद्यापेक्षा या नाटकाने जास्त थकला होता.

जूनमधल्या एका सकाळी गल्लीतली रोजची गिऱ्हाईक दोन्ना तितीना, म्हणजे तितीनाबाई, आली. सत्तरी उलटलेली, जन्मभर हातमोजे शिवून बोटं वाकडी झालेली, आणि जिभेला हाड नसलेली बाई. त्याने नेहमीसारखा आधी पाण्याचा ग्लास ठेवला, मग कप. आमच्याकडे पाणी आधी पितात, तोंड स्वच्छ करायला. कॉफीनंतर पाणी पिणं म्हणजे कॉफीवाल्याच्या तोंडावर थुंकण्यासारखं; भांडणाशिवाय कोणी तसं करत नाही. तितीनाने पाण्याला हात लावला नाही. कॉफी एका दमात घशाखाली ढकलली, ग्लास उचलला, दाराकडे वळली आणि पाठ करून घटाघट पाणी प्यायली.

मशीनच्या चकचकीत पत्र्यात अनिएल्लोला ते सगळं दिसलं.

"दोन्ना तितीना," तो म्हणाला, "मी मशीनकडे तोंड केलं म्हणजे आंधळा झालो नाही हो."

तिचा चेहरा पडला. "घसा कोरडा पडला रे."

"थापा मारू नका. कधीपासून चाललंय हे?"

"ईस्टरपासून," ती खाली बघत म्हणाली.

"आणखी कोणाला माहीत आहे?"

"अख्ख्या गल्लीला."

"आणि गायेतानोला?"

तिने ग्लास खाली ठेवला. "त्याने बटणावर आपोआप चालणारी मशीन मागवलीय. सप्टेंबरात येईल. तुला सांगायची त्याची छाती होत नाही, म्हणून आम्हाला म्हणाला, तोवर गोड मानून घ्या."

अनिएल्लो मटकन खोक्यावर बसला. एवढी भांडखोर गल्ली, साखर चमचाभर जास्त झाली तर आईबाप काढणारी, आणि ईस्टरपासून सगळे गप्प! त्याला नोकरीचं जेवढं वाईट वाटलं नाही, तेवढं या दयेचं वाटलं. डोळे भरून आले आणि रागही आला.

"कशी होती ते तरी सांगा," तो ओरडला. "एकाने तरी शिवी घालायची होती!"

"खवट होती, मुडद्या!" तितीनाही पेटली. "जुन्या तेलात तळल्यासारखी! रोज घरी जाऊन तोंड खंगाळते मी!"

खवट. त्याने मशीनची कॉफी भरायची मूठ काढून आतल्या जाळीवरून बोट फिरवलं. बोट काळं, चिकट झालं. आंबूस वास आला की जाळी घासायची, हीच चाळीस वर्षांची सवय. वासच येईना, तर घासायची आठवण कुठून होणार! कॉफीच्या तेलाचा चार महिन्यांचा थर साचला होता. हात, डोळे, वारा, सगळं सांभाळलं आणि चूक झाली ती इतकी साधी.

त्याने जाळ्या उकळल्या, घासल्या, पुन्हा उकळल्या. पहिली कॉफी ओतून दिली. दुसरी तिच्यापुढे ठेवली आणि काउंटरवर दोन्ही कोपरं टेकून तिच्या तोंडाकडे बघत राहिला. ती प्यायली. कप खाली ठेवला.

"आता?"

"आता बरी आहे."

"बरी म्हणजे काय? नीट सांगा ना."

"मला कुठे तसलं बोलता येतं बाबा." तिने कप पुन्हा ओठाला लावला, तळाशी राहिलेलं जिभेवर घोळवलं. "कडू आहे, पण टोचत नाही. मग मागून भाजलेल्या हेझलनटसारखं काहीतरी येतं. सावकाश येतं."

"किती वेळ राहतं?"

"अजून आहे," ती म्हणाली.

अनिएल्लोने डोळे मिटले. दारात दोन-तीन गिऱ्हाइकं येऊन खोळंबली होती, पण त्यांच्यापैकी कोणी हाक मारली नाही.

"अजून आहे?" थोड्या वेळाने त्याने विचारलं.

"आहे रे बाबा, आहे."