सावित्रीची लाल रिबीन

देवावर रुसू नये म्हणतात. मी रुसले होते, आणि चांगले तीन महिने रुसले होते. नारळी पौर्णिमेला महाडच्या घाटावर सावित्रीची ओटी भरायला गेले, सात वर्षांची माझी सुमी बरोबर. ओटी दोन्ही हातांनी भरायची, म्हणून तिचा हात घटकाभर सोडला आणि पोर शेवाळलेल्या पायरीवरून पाण्यात गेली. शेजारच्या माणसाने वेणीला धरून वर काढली. वाचली, पण पाण्याला भ्यायली ती भ्यायलीच. अंगावर तांब्या ओतला की किंचाळायची. शाळा नदीच्या वाटेवर, ती सुटली. मी तर झोपेतही तिचं मनगट सोडत नसे.

डॉक्टर म्हणाले, हवापालट करा. आमचे हे कोर्टात कारकून, दिवाळीनंतर रजा काढून आम्हा दोघींना घेऊन महाबळेश्वरला निघाले. सासूबाईंनी पिशवीत खण-नारळ घातला. "सावित्रीचं मूळ वर आहे, ओटी भरून ये." मी तो गुपचूप काढून फडताळात ठेवला. माझी पोर ओढणारीची ओटी मी भरू? माझा स्वभाव असा, एकदा फुगले की फुगले.

पोलादपूर सोडून एसटी आंबेनळी घाट चढली. वर वेण्णा तळं इतकं देखणं, होड्या चाललेल्या, घोडी फिरणारी, आणि आम्ही तिघं त्याच्याकडे पाठ करून बसलेलो. सुमीने माझ्या पदरात तोंड खुपसलं होतं. मला रडू आवरेना. मनात म्हटलं, देवा, माझं चुकलं असेल तर मला शिक्षा कर, हिला कशाला?

तुपाची रिकामी बरणी घेऊन एक म्हातारी शेजारी टेकली. डोंगरातल्या कुडपण गावाकडची असावी. "पोर पाण्याला भेते काय गो? येवढं थोराड पाणी दाखवशील तर भेलच. चल, तुमची सावित्री दाखवते. हितं बारकी हाय ती." का कोण जाणे, आम्ही उठलो आणि तिच्यामागून जुन्या महाबळेश्वरच्या गाडीत बसलो.

देवळात गार काळोख. दगडी भिंतीत ओळीने नद्यांच्या उगमाच्या मोऱ्या. म्हातारीने एकीकडे बोट दाखवलं. करंगळीएवढी धार. हीच ती, आमच्या घाटावर गरजणारी? माझा सगळा राग कुठे गेला कळलं नाही, नुसती लाज वाटली. म्हातारीने पदराच्या गाठीतले तांदूळ माझ्या ओंजळीत घालायला हात पुढे केला. मी उजवाच हात पसरला. डाव्यात सुमीचं मनगट.

"एका हातानं ओटी भरतात काय गो?"

माझी बोटं सुटेनात. शेवटी म्हटलं, आई, तूच सांभाळ, माझ्या हाताचा काय भरवसा, आणि हात सोडला.

सुमी किंचाळली नाही. पुढे झाली, वाकून बघत राहिली. मग म्हणाली, "आई, ही तर माझ्याहून लहान आहे." मी ओंजळीतले तांदूळ वाहिले आणि ओशाळून पुटपुटले, खण घरी राहिला. तशी सुमीने वेणीची लाल रिबीन सोडून धारेखाली ठेवली. म्हातारी हसली. "ऱ्हाऊं दे. पोरीला खण कशाला? रिबीनच बरी." सुमी ओंजळ धरून पाणी प्यायली.

मी डोळे पुसून नमस्कार करून वळले तर म्हातारी नव्हती. गाडीच्या थांब्यावरही नव्हती. आम्ही महाडचे हे मी तिला सांगितलंच नव्हतं. हे म्हणाले, बोलण्यावरून ओळखलं असेल. असेलही. मी त्यावर वाद घालत नाही. तिच्या तांदळांचं देणं मात्र माझ्यावर राहिलं.

घरी आल्यावर सुमीने न्हाणीत दुसरा तांब्या मागितला. महिन्याभरात शाळेत जाऊ लागली. पुढच्या नारळी पौर्णिमेला घाटावर गेलो तेव्हा खणावर लाल रिबीन तिनेच ठेवली. सुमी माझ्या शेजारच्या पायरीवर मोकळी उभी होती, आणि मी दोन्ही हातांनी ओटी भरली.