मोजणीबाहेरचा हात

कॉलेजात एका फ्रेंच तत्त्वज्ञाचा विचार शिकलो होतो. ज्यांना कुणी मोजत नाही, ते ‘आम्ही आहोत’ म्हणतात, तिथून राजकारण सुरू होतं. मला तो नीट कळला नव्हता बहुतेक.

आमच्या पारगावात ऊस तोडायला आलेल्या मजुरांच्या कोप्यांजवळ, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांजवळ, नळ द्यायचा का, यावर आमच्या ग्रामसभेत मत घेतलं. थोडेच हात वर झाले. दाराशी उभ्या एका तोडणीवाल्या बाईनंही हात वर केला.

“बाई, तुमी इथल्या मतदार न्हाई. हात खाली घ्या,” ग्रामसेवक म्हणाले.

“नका मोजू, भाऊ. पण मी हाय, एवढं तर दिसतंय ना?”

कुणीतरी हसलं. उसाच्या पात्यांनी चिरलेला तो हात तसाच वर राहिला. हळूहळू आणखी हात वर गेले. माझाही गेला.

नळ मंजूर झाला. तिचा हात मोजला नाहीच. मला मात्र त्या सभेतला तेवढाच आठवतो.